तिसरा होल

"उस्ताद, एकदा तोंडानं सांगून टाका की. चूक माझी हाय का न्हाई?"

इलाही उस्ताद काय बोलला न्हाई.

दारातल्या लिंबाखाली बाजलं टाकलं व्हतं, त्येच्यावर त्यो मांडी घालून बसलेला. उजवा हात मनगटापतूर. म्होरं काय न्हाई. जितं हात संपत व्हता तितं पांढरी पट्टी, आणि पट्टीवर औषधाचा पिवळा डाग.

सर्जा घुटुकडे समोर उभा. त्येला बस म्हणायला कुणी आलं न्हाई, आणि कुणी म्हणलं असतं तरी त्यो बसला नसता. डोस्कं तापलं की सर्जाला बसवायचंच न्हाई.

"चूक असंल तर शिव्या घाला. थोबाड फोडा माझं. नसंल तर तसं म्हणा. पर हे असं मुकं बसणं... हे मला सोसंना."

"थोबाड फोडू?" उस्तादानं पट्टीकडं बघितलं. "कशानं?"

...

सर्जाची मान खाली गेली. पर जास्त वेळ राहिली न्हाई. मानच तसली त्येची. खाली गेली की आपोआप वर यायची.

गावाभवतालच्या त्या पट्ट्यात हळदीला पॉलिश करणारं कारखानं लई. वाळलेली हळद मोठ्या लोखंडी ड्रममधी टाकायची, ड्रम गरागरा फिरवायचा, की हळकुंडं एकमेकांवर घासून चकाकायला लागत्यात. ड्रम फिरतो चेनवर. चेन फिरती दातेरी चाकावर. आणि त्या चाकाला शाफ्टावर धरून ठेवतो त्यो बुश. मुठीएवढा लोखंडाचा तुकडा, एका अंगाला निमुळता, उभा चिरलेला. दोन स्क्रू आवळलं की त्यो चाकाच्या पोटात शिरतो आणि शाफ्टाला असा चावतो की चाक, बुश, शाफ्ट सगळं एकजीव.

ही चाकं बसवावी नि काढावी ती इलाही उस्तादानं. आणि त्येच्या हाताखाली मिसरूड फुटायच्या आधीपासनं राबलेला चेला म्हंजे सर्जा.

चार मिस्त्री चहाला जमलं की सर्जा छाती म्होरं काढायचा.

"माझ्या हातचं चाक आजवर सुटलं न्हाई. कुणाच्या बापाला सुटायचं न्हाई."

खोटं न्हवतं ते. त्येनंच घात केला.

त्या दिवशी एका कारखान्यात लाईट गेली आणि ड्रम अर्धा भरलेलाच थांबला. उस्ताद सहज आला व्हता. चेनीला झोळ किती हाय ते हातानं चाचपत व्हता. ड्रममधली हळद एका अंगाला घसरली, ड्रम हलला, चेन ताणली... आणि उस्तादाचा हात चेन नि चाकाच्या मधी.

गिअरबॉक्स उलटा फिरत न्हाई. लाईट न्हाई म्हणून कापायचं मशीन चालंना. वाट एकच राहिली. चाक ढिलं करायचं, शाफ्टावर बाजूला सरकवायचं, आणि हात बाहेर काढायचा.

चाक सर्जाच्या हातचं. सर्जा तितंच व्हता.

बुशाला होल तीन असत्यात. दोन बसवायसाठी. तिसरा रिकामा, काढायच्या दिवसासाठी. बसवायचं दोन्ही स्क्रू काढायचं, त्यातला एक तिसऱ्यात घालून आवळायचा, की बुश उलटा मागं सरकतो. झालं काम. शाळेचं तोंड न बघितलेल्यालाबी जमतं.

सर्जानं दोन्ही स्क्रू काढलं. एक तिसऱ्यात घालायला गेला. शिरंना.

परत घातला. शिरंना.

मग त्येचं टाळकं फिरलं. त्येनं घण उचलला.

घावामागं घाव घातलं. एकेका घावाला उस्तादाचं अंग ताठ व्हायचं. उस्ताद काहीतरी सांगत व्हता, पर घणाच्या आवाजात कुणाला ऐकू आलं न्हाई. चाक काय हललं न्हाई. शेवटाला कुणीतरी हॅक्सॉ आणला नि चेन कापायला घेतली. चेनीचं लोखंड लई कडक. ती तुटंस्तवर हातात हातपण राहिलं न्हवतं. उरलेलं दवाखान्यात काढलं.

"कारखान्याच्या मालकाचा निरोप आलाय," बाजल्याम्होरं उभा सर्जा म्हणला. "नवा शाफ्ट आलाय, नवं चाक आलंय. उद्या बसवायचंय. तुम्ही म्हणा चूक न्हाई, तर मी जातो नि बसवतो. म्हणा चूक हाय, तर पाना हितंच टाकतो नि गाव सोडतो. गुजरातला जाऊन खडी फोडीन. पर दोन्हीतलं एक बोला."

उस्तादानं हनवटीनं अंगणाच्या कोपऱ्याकडं खूण केली.

तितं त्योच शाफ्ट पडला व्हता. चाकासकट. दवाखान्यातनं आल्या आल्या उस्तादानं मालकाला सांगून मागवून घेतला व्हता. भंगारात घालू नका म्हणून.

"काढ," उस्ताद म्हणला.

"काय काढू?"

"चाक."

"आता काढून काय उपेग?"

...

"चेष्टा करताय व्हय माझी?"

"खिशात पाना हाय न्हवं?"

"हाय."

"मग काढ."

सर्जानं शाफ्ट ओढत लिंबाखाली आणला. त्या दिवशी काढलेलं दोन्ही स्क्रू कुणीतरी परत जाग्यावर लावून ठेवलं व्हतं. वाकून, उभ्या उभ्याच त्येनं ते काढलं, एक तळहातावर घेतला, आणि तिसऱ्या होलाकडं बघितलं.

होल कसला. पिवळा धम्मक. हळदीची धूळ त्यात बसली व्हती, धुळीत तेल मुरलं व्हतं, आणि दोन्ही मिळून शिमिटावानी घट्ट झालं व्हतं.

त्येनं स्क्रू लावला. शिरंना.

दाबला. शिरंना.

"आयला ह्याच्या..." त्येची नजर आपोआप इकडं तिकडं फिरायला लागली. हातोडा हुडकत.

"अंगात रेड्याचं बळ," उस्ताद बाजल्यावरनं म्हणला, "नि डोस्क्यात पॉलिशची धूळ."

सर्जानं वळून बघितलं. आल्यापासनं पैल्यांदाच उस्तादानं एवढं लांब वाक्य बोललं व्हतं. शिवी व्हती. त्येला बरं वाटलं. आणखी दोन बसतील म्हणून वाट बघितली.

बसल्या न्हाईत.

मग त्यो खाली बसला. भुईवर पडलेला एक खिळा उचलला नि होल उकरायला लागला.

जरा जरा धूळ पडायला लागली. फुंकर मारली. डोळ्यात गेली. परत उकरलं. हळदीचा वास सुटला, लग्नघरात येतो तसा. उकरता उकरता त्येचा श्वास खाली आला. होलाच्या तळाशी लोखंड चमाकलं. आटं दिसायला लागलं.

स्क्रू घातला.

बोटानंच गेला. पानाबी लागला न्हाई.

मग पाना लावला. फिरवला. कुटंतरी टेकला. आणखी फिरवला. जोर लागायला लागला, मनगटाचा, खांद्याचाबी न्हवं.

टक्.

सुपारी फुटावी तेवढा आवाज.

सर्जानं चाकाला बोट लावलं. चाक शाफ्टावरनं अलगद पुढं आलं.

...

...

लिंबावर कावळा बसला व्हता, त्योबी उडून गेला.

"एवढंच," सर्जा म्हणला.

त्येनं चाक मागंपुढं सरकवून बघितलं.

"एवढंच व्हतं हे. उस्ताद... एवढ्यात निघत व्हतं."

"व्हय."

"त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत व्हता. काय सांगत व्हता?"

"उकर म्हणत व्हतो."

"मला ऐकू आलं न्हाई."

"घण वाजत व्हता."

सर्जानं खिळा टाकला. परत उचलला. परत टाकला. माणूस मेल्याचं कळल्यावर आधी काहीच वाटत न्हाई, तसं झालं त्येला.

"बसव," उस्ताद म्हणला.

"नको उस्ताद."

"बसव."

"माझ्या हातनं हुणार न्हाई."

"हात हायत न्हवं तुला? बसव."

सर्जानं ओसरीवरनं रॉकेलचा डबा आणला. बुश धुतला. चाकाचं पोट धुतलं. फडक्यानं सगळं कोरडं ठाक केलं. निमुळत्या अंगाला तेलाचा थेंब राहू द्यायचा न्हाई. तेल असलं की बुश पायजे त्यापरीस जास्त शिरतो आणि चाकाला तडा जातो, हे त्येला झोपेतबी ठाऊक. बुश चाकात घातला, बुशातली अर्धी नि चाकातली अर्धी होलं जुळवली, शाफ्टावर सरकवला. दोन स्क्रू लावलं. थोडा हा, थोडा त्यो, थोडा हा, थोडा त्यो. लाकडाचा ठोकळा ठेवून बुशावर हलकं ठोकलं. परत आवळलं. परत ठोकलं. परत आवळलं.

हात जरासुदीक कापला न्हाई. हाताला काय ठाऊक डोस्क्यात काय चाललंय ते.

दोन्ही स्क्रू गच्च झालं. आता राहिला तिसरा होल. उघडा. मोकळा.

बाजल्याच्या पायाशी ग्रीसचा डबा व्हता. उस्तादानं डाव्या पायानं त्यो पुढं सरकवला.

सर्जा डब्याकडं बघत बसला.

"ह्यात ग्रीस भरायचं असतं," त्यो म्हणला. "धूळ बसू नये म्हणून. तुम्ही शिकवलं व्हतं."

"व्हय."

"मी भरत न्हाई."

...

"ह्याच चाकाला न्हाई. कुठल्याच न्हाई. माझ्या हातचं जेवढं चाक हाय ह्या पट्ट्यात... एकालाबी न्हाई."

"का?"

सर्जाला सांगायची लाज वाटली. पर आता लाज धरून काय मिळणार व्हतं?

"मला कमीपणा वाटायचा. बसवतानाच काढायच्या दिवसाची तयारी कशाला? माझं चाक सुटणारच न्हाई तर त्यो होल जपायचा कशाला? मी मुद्दाम भरत न्हवतो, उस्ताद. बघणाऱ्याला कळू दे म्हणून. हे सर्जाचं चाक हाय म्हणून."

उस्तादानं डोळं मिटलं.

सर्जा त्येच्याकडं बघत राहिला. आणि बघता बघता त्येला एक गोष्ट आठवली. त्येचं कपाळ आकसलं.

"तुम्ही हंगामाच्या नारळाला आला व्हता."

डोळं मिटलेलंच.

"ह्याच चाकाजवळ नारळ फोडला तुम्ही. मालकानं मान तुम्हालाच दिला व्हता. तुम्ही नारळाचं पाणी ह्याच चाकावर शिंपडलं. एवढं जवळ व्हता तुम्ही... उस्ताद, तुम्हाला होल दिसला असंल."

"दिसला."

"उघडा?"

"उघडा."

"आणि?"

"गप बसलो."

...

"का?"

उस्तादानं डोळं उघडलं. आवाज चढला न्हाई, पडला न्हाई.

"तू तितंच उभा राहून चार माणसांत बोलत व्हतास. कुणाच्या बापाला सुटायचं न्हाई म्हणून. मी म्हणलं, ह्येला आता सांगायचं न्हाई. लई सांगून झालं. ह्येचं ह्येलाच कळू दे. अडंल तवा कळंल."

त्येनं उजवा हात मांडीवरनं जरासा उचलला.

"कळलं."

सर्जा ताडदिशी उभा राहिला. तळपायाची आग मस्तकात गेली. त्येनं पाना असा भिरकावला की कुडाच्या भिंतीवर आपटून माती गळाली.

"म्हंजे तुम्ही! तुम्हाला ठाऊक व्हतं!"

"व्हय."

"एका बोटाचं ग्रीस! तुम्ही सोत्ता भरलं असतं तर काय हात झडला असता का तुमचा?"

तोंडातनं निघून गेलं. निघून गेल्यावर त्येला कळलं काय निघालं ते.

उस्ताद म्हणला, "झडला."

"मला शिकवायला गप बसला! असलं कुटं शिकवणं असतं व्हय? मी मूर्ख व्हतो, मान्य. अडाणी व्हतो. माजलो व्हतो. पर तुम्हाला अक्कल व्हती न्हवं? नरडं धरून सांगायचं! चार माणसांत मुस्काडीत मारायची! तवा हात व्हता तुमचा!"

"व्हय."

"चूक तुमचीबी हाय!"

"व्हय."

"माझ्यापरीस जास्त हाय!"

"आसंल."

"आसंल काय आसंल! भांडा की जरा! मी तोंडाला येईल ते बोलाय लागलोय आणि तुम्ही नुसतं व्हय व्हय..."

बोलता बोलता त्येचा दमच सरला. रागाला काहीतरी टणक लागतं आपटायला. हितं मऊ मातीत ढेकूळ मारल्यावानी सगळं आत जाऊन बसत व्हतं. घटकाभर त्येला वाटलं व्हतं, चला, सापडला. दोषाला दुसरा धनी सापडला, आपण सुटलो. पर अर्धा दोष उस्तादानं उचलून घेतला तरी सर्जाच्या डोस्क्यावरचं वजन गुंजभर कमी झालं न्हवतं. उलट डोळ्यांम्होरनं एकेक कारखाना जायला लागला. एकेक ड्रम, एकेक चाक. चाकाचाकाला एक होल. आणि दर दिवसाला त्या होलात बसत जाणारी पिवळी धूळ. आणि चेनीजवळनं ये-जा करणारी माणसं, बायका, पदर खोचलेल्या, हळद झाडणाऱ्या.

त्यो मटकन खाली बसला. चाकाजवळच. दोन्ही हातात डोस्कं धरलं.

आतनं जुलेखाचाची आली. उस्तादाची बायको. सर्जाकडं तिनं बघितलंच न्हाई. पोरगेलेपणी ह्याच चाचीनं सर्जाला कालवण वाढलं व्हतं, डोस्क्याला तेल चोपडलं व्हतं. आज त्येच्या अंगावरनं वाऱ्यावानी निघून गेली. हातात ताट. आमटीत कुस्करलेली भाकर, बाजूला कांदा.

ताट तिनं बाजल्यावर ठेवलं.

"चाची," सर्जा हळूच म्हणला.

ती उस्तादाकडं बघूनच बोलली. "भरवते म्हणलं तर तोंड फिरवता. डावा हात ताटाला लावत न्हाई. पोरगी माहेरी आली, तिच्या हातनंबी न्हाई. नुसत्या चहावर किती दिस काढायचं माणसानं? मरायचं असंल तर तसं सांगा, म्हंजे मी ताट करायची थांबते."

पदर डोळ्याला लावला नि आत गेली. दार काय तिनं आपटलं न्हाई. लोटून घेतलं.

...

ताटावर माशी बसली. उस्तादानं उजवा हात उचलला. पट्टी वर आली. माशी हालली न्हाई. हात परत मांडीवर.

सर्जा हे सगळं बघत व्हता. त्येला तितनं पळून जावं वाटलं. गुजरात न्हवं, आणखी लांब. जितं हळद पिकत न्हाई असल्या मुलखात.

"उस्ताद... मी तुम्हाला चूक हाय का न्हाई ते विचारत न्हाई आता. हाय ती हाय. एवढंच सांगा. उद्या कारखान्यावर जाऊ का गाव सोडू?"

उस्ताद त्येच्या हाताकडं बघत राहिला. दोन्ही हात पिवळं. नखात हळद नि लोखंडाचा काळा मळ, कोपरापतूर रॉकेलचा वास.

"उस्ताद, कायतरी बोला."

"हात धू," उस्ताद म्हणला. "साबणानं धू. मला भूक लागलीया."